पिंपळडोहचा समुद्र

सुलोचना ताकसांडे वर्ध्याच्या कॉलेजात नोकरीला लागली ती नवऱ्याच्या जागेवर. गुलाब भूगर्भशास्त्र विभागात शिपाई होता. काविळीनं तो बारा दिवसांत गेला आणि दीड वर्षानं, २००८च्या जुलैत, अनुकंपेवर तिला प्रयोगशाळा परिचर म्हणून घेतलं. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. बारावी झालेली होती, तीही कला शाखेतून. वर्ध्याच्या आसपास जिकडे पाहावं तिकडे काळा दगड, आणि काळ्या दगडात पाहण्यासारखं काही असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

विभागप्रमुख होते वासुदेवराव गुल्हाने. उंच, किडकिडीत माणूस. मोजकं बोलायचे. त्यांचं सगळं काम बारीक जीवाश्मांवर होतं. खसखशीच्या दाण्याहून लहान शंख-शिंपले, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगडात अडकलेले, ते दगडातून सोडवायचे आणि ओळखायचे. सुलोचनाकडे काम होतं ताटल्या धुण्याचं आणि फरशी पुसण्याचं. दुसऱ्याच महिन्यात ती ताटली उचलायला गेली, तर सर सूक्ष्मदर्शकावरून उठत होते. त्यांनी सहज विचारलं, पाहायचं आहे का? ती वाकली, जरा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, कोपऱ्यात गोगलगाय दिसून राह्यली. लय बारकी."

एम.एस्सी.ची मुलं त्या ताटलीवर दोन दिवस बसली होती. त्यांना ती दिसली नव्हती.

तेव्हापासून सरांनी तिला वेचणीला बसवलं. दगड फोडून भिजत घालायचा, त्याचा चिखल झाला की एकाखाली एक ठेवलेल्या तीन चाळण्यांतून पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचा. चाळणीवर उरेल ती वाळू सुकवायची, चिमूटभर काळ्या ताटलीत पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशाच्या टोकानं एकेक दाणा उचलायचा. वाळूच्या हजार दाण्यांत एखादा जीवाश्म. सुलोचनाचा हात स्थिर होता आणि नजर त्याहून स्थिर. वर्षभरात नागपूरहून येणारे प्राध्यापकही आपले नमुने तिच्यासमोर ठेवू लागले. परिचराला खुर्ची मिळत नाही, असं कार्यालयानं कळवलं, तेव्हा सरांनी त्या एका खुर्चीसाठी तीन पत्रं लिहिली. विभागात कुजबुज झाली. खुर्ची आली. सरांनी ती स्वतः उचलून खिडकीजवळ ठेवली आणि म्हणाले, "बसा, सुलोचनाबाई. उभ्यानं हे काम होत नाही."

समुद्रपूर तालुक्यात पिंपळडोह नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या नाल्यात काळ्या दगडाचे दोन जाड थर दिसतात आणि त्यांच्या मधोमध हातभर रुंदीचा राखाडी पट्टा. सरांनी तिला समजावलं होतं की काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. एकदा लाव्हा आला, थंड झाला, त्यावर हजारो वर्षं तळं साचलं, तळ्याचा गाळ बसला, मग पुन्हा लाव्हा आला आणि त्यानं गाळ झाकून टाकला. तो गाळ म्हणजे राखाडी पट्टा. त्यात गोड्या पाण्याच्या गोगलगायी सापडत. सर वीस वर्षांपासून त्याच पट्ट्यात खाऱ्या पाण्याचा जीव शोधत होते. तो सापडला असता तर समुद्राचा एखादा फाटा त्या काळी इथवर आला होता असं म्हणता आलं असतं. बाहेरचे विद्वान या गोष्टीला हसत. सर कोणाशी वाद घालत नसत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पुन्हा पोतं घेऊन नाल्यात उतरत.

२०१०च्या जानेवारीत पिंपळडोहचा आणखी एक नमुना धुतला गेला. मंगळवार होता. सुलोचनाच्या ताटलीत एक दाणा आला, चार फुगे एकमेकांना चिकटवून गोल वळवावेत तसा. तिनं सरांना हाक मारली. सरांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग ते बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले आणि पुन्हा बसले.

"हा समुद्रातला आहे," ते म्हणाले. "सुलोचनाबाई, या जिल्ह्यात तो पहिल्यांदा तुम्ही पाहिला."

समुद्र तिनं पाहिलेला नव्हता. पण सरांच्या चेहऱ्याकडे पाहून तिचे डोळे भरून आले.

चार दिवसांत तसे अकरा दाणे मिळाले. तिसऱ्या दिवशी आणखी एक मिळाला होता, बारावा. तो निळा होता.

निळ्याचं कारण साधं होतं. एक नमुना धुऊन झाला की चाळण्या घासून निळ्या औषधात बुडवायच्या, असा विभागाचा नियम होता. जाळीत एखादा दाणा अडकून राहिलाच तर त्याला रंग चढतो. पुढच्या नमुन्यात तो पडला तर निळा दिसतो आणि तो परका आहे हे ओळखता येतं. पिंपळडोहच्या आधी त्याच चाळण्यांतून कच्छचा दगड धुतला होता. डिसेंबरात मुलांची सहल कच्छला गेली होती, तिथून पोतंभर आणला होता. कच्छच्या त्या दगडात समुद्री जीव खच्चून भरलेले असतात.

सुलोचनाने निळा दाणा सरांना दाखवला. औषधाची बाटली संपत आली होती, नवी मागवूनही आली नाही, म्हणून पाणी घालून पुरवलं, हेही सांगितलं. सरांनी विचारलं, बाकीचे सगळे पांढरे आहेत ना? पांढरेच होते. "मग झालं," ते म्हणाले. "एक बाहेरचा आला. तो काढून टाका." वेचणीच्या वहीत तिनं त्या दिवसापुढे 'निळा १' असं लिहिलं होतं. सरांनी त्याच्याशेजारी 'बाहेरचा, वगळला' असं लिहून खाली सही केली. तिनं दाणा ब्रशानं उचलला आणि बेसिनमध्ये झटकला.

पुढच्या वर्षी शोधनिबंध छापून आला. वर्ध्याच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मथळा होता, की समुद्रपुरात खरोखरच समुद्र होता. तालुक्याच्या नावावरून लोक पिढ्यान्‌पिढ्या थट्टा करत आलेले. आता तीच थट्टा खरी ठरली म्हणून लोकांना कौतुक. सरांचा सत्कार झाला. निबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत इंग्रजीत सुलोचनाचं नाव होतं. तिनं त्या पानाची झेरॉक्स करून घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

पिंपळडोहला ज्यांच्या शेताला लागून तो नाला वाहतो त्या बंडूजी कोहळ्यांनी बांधावर पत्र्याचा फलक लावला, 'प्राचीन समुद्राचे ठिकाण'. नाल्यात उतरायला दगडाच्या पायऱ्या केल्या. दरवर्षी जानेवारीत शाळांच्या सहली येऊ लागल्या. बंडूजी तुरीची काठी घेऊन थर दाखवत आणि पोरांना सांगत की अठी लाटा येत होत्या. सरांचं बोलणं त्यांनी पाठ केलं होतं. सुलोचना नमुने आणायला गेली की ते तिला घरी नेऊन जेवू घालत आणि गावकऱ्यांना सांगत की समुद्र पहिल्यांदा दिसला तो या बाईले.

पण समुद्राचा तसा दाणा पुन्हा कधी आला नाही. चार वर्षांत त्यांनी त्या पट्ट्यातून दहा वेळा दगड आणला. सुलोचनाने सगळा वेचला. गोगलगायी निघाल्या, पाणवनस्पतींच्या बिया निघाल्या, फुग्यांचा दाणा एकही नाही. सर म्हणत, दुर्मीळच असतो तो. ती मान डोलवे आणि पुढची चिमूट पसरे.

२०१४च्या पावसाळ्यात सर रजेवर होते. विभागात काम नव्हतं. त्यांच्या टेबलावरचं नमुने धुण्याच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक तिनं शब्दकोश घेऊन वाचायला काढलं. सहा दिवसांत एक प्रकरण झालं. त्यात लिहिलं होतं, की औषध पातळ झालं तर काही दाण्यांना रंग चढतो, काहींना चढत नाही. म्हणून एकही निळा दाणा दिसला तर तो सबंध नमुना टाकून द्यावा. तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. शब्दकोशात एकेक शब्द तपासला. मग पुस्तक होतं तसं ठेवून दिलं.

सर परत आले त्या दिवशी ती त्यांच्या टेबलाशी गेली, पाण्याचा ग्लास ठेवला आणि परत आली. सरांना हे माहीत नसेल असं शक्य नव्हतं. पुस्तक त्यांचंच होतं, समासातल्या पेन्सिलीच्या खुणाही त्यांच्याच. आणि समजा नसलंच माहीत, तर ते सांगणार कोण? ज्या खुर्चीत बसून ती सांगणार होती, ती खुर्ची त्यांनीच आणून दिलेली. मुलगी मोहिनी त्या वर्षी दहावीला होती. सुलोचना बोलली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. २०१६ साली सर निवृत्त होऊन आर्वीला आपल्या घरी राहायला गेले तेव्हाही नाही.

त्यानंतर विभाग ओसरत गेला. मुलं येईनाशी झाली. २०२३ला शेवटची तुकडी बाहेर पडली आणि विभाग बंद करायचा ठराव झाला. किल्ली सुलोचनाकडे राहिली. ती रोज कुलूप उघडे, धूळ पुसे आणि खिडकीजवळ बसून राही.

२०२४च्या ऑक्टोबरात नागपूरहून माधवी गजभिये आली. तिशीच्या आतली, अशाच बारीक जीवांवर संशोधन करणारी. पिंपळडोहचे अकरा दाणे तिला नव्या यंत्राखाली पाहायचे होते. कॉलेजच्या परवानगीनं ती स्लाइड घेऊन गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. या वेळी तिनं सुलोचनाच्या शेजारी स्टूल ओढून घेतलं. फोटो दाखवले. फुग्यांच्या पृष्ठभागावरची जाळी त्यात स्पष्ट दिसत होती, आणि त्या जाळीवरून जात ठरवता येत होती. माधवी म्हणाली की ही जात त्या गाळाच्या काळात जन्मालाच आली नव्हती. ती दोन कोटी वर्षांनंतरची आहे. असा जीव काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये सापडूच शकत नाही.

मग तिनं विचारलं, त्याच सुमाराला इथं दुसरीकडचा कुठला दगड धुतला होता का? सुलोचना उठली. खालच्या कप्प्यातून कच्छच्या वाळूची बाटली काढून तिनं चिमूटभर ताटलीत पसरली. माधवीनं पाहिलं. पहिल्याच नजरेत तसेच पाच-सहा दाणे होते.

"सुलोचनाताई, तेव्हा चाळण्या कोणी धुतल्या होत्या?"

"म्याच."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. बाटलीत घातलेलं पाणी, बारावा दाणा, सर काय म्हणाले ते. शेवटी माधवी म्हणाली की हे छापावं लागेल, पण सरांना आधी कळवते. सुलोचनाने आठ दिवस मागून घेतले. म्हणाली, सरांना मी सांगते, माझ्याकडूनच त्यांना कळलं पाहिजे.

शनिवारी ती आर्वीची बस धरून गेली. बाजार समितीकडे सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, बस तिच्या मागे अर्धा तास अडकली. सरांचं घर डेपोपासून जवळ होतं. दार सरांच्या पत्नी विमलाबाईंनी उघडलं. सरांना कंपवाताचा आजार होऊन चार वर्षं झाली होती. ते पडवीत खुर्चीवर बसले होते, उजवा हात मांडीवर एकसारखा हलत होता. पूर्वी याच हातानं ते केसाएवढ्या ब्रशानं दाणा उचलत.

तिनं पुष्कळ वेळ इकडचं तिकडचं विचारलं. मग सांगितलं. दोन कोटी वर्षांचं सांगितलं तेव्हा सरांनी डोळे मिटले. निळ्या दाण्याचं सांगितलं तेव्हा उघडले.

"मला निळा दाणा आठवत नाही," ते म्हणाले.

तिनं दिवस सांगितला, वेळ सांगितली. ते पडवीच्या जाळीतून बाहेर पाहत होते. विमलाबाई चहा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"चाळण्या तुम्ही धुतल्या होत्या," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात एखादी व्याख्या सांगावी तसं म्हणाले. सुलोचनाने चहा घेतला नाही. परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली होती, तरी खरांगण्यापर्यंत ती दांडा धरून उभीच होती.

माधवीचा लेख तयार होण्याआधीच सरांचं पत्र गेलं. नियतकालिकाला गेलं, त्याची प्रत कॉलेजलाही आली. सरांनी आपला शोध मागे घेतला होता. कारण लिहिलं होतं, की प्रयोगशाळा परिचर श्रीमती सु. गु. ताकसांडे यांनी चाळण्यांची स्वच्छता नियमाप्रमाणे केली नाही, त्यामुळे परका नमुना मिसळला गेला आणि ही बाब त्या वेळी विभागाच्या नजरेस आली नाही. वर्तमानपत्रात बातमी आली, या वेळी आतल्या पानावर. मथळ्यात सरांचं नाव नव्हतं. 'परिचराच्या हलगर्जीने समुद्र आटला' असा मथळा होता.

पंधरवड्यात कॉलेजची कारणे दाखवा नोटीस आली. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई होईल. पुण्याहून मोहिनीचा फोन आला, ती रडत होती. सुलोचनाने तिला सांगितलं की काही होत नाही, आणि फोन ठेवल्यावर तशीच भिंतीला टेकून बसली. सोळा वर्षांच्या नोकरीत तिच्याबद्दल छापून आलेल्या गोष्टी दोन होत्या, एक आभाराची ओळ आणि एक ही.

वही शोधायला तिला दोन दिवस लागले. विभागातल्या जुन्या वह्या रद्दीसाठी बांधून जिन्याखाली टाकलेल्या होत्या. चौथ्या गठ्ठ्यात ती मिळाली. पान शाबूत होतं. तिचं अक्षर, शेजारी सरांचं अक्षर, खाली सही आणि तारीख. तिनं पानाची झेरॉक्स काढली. वही कार्यालयात नेऊन दिली असती तर काम संपलं असतं. पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आर्वीला गेली. आपण का गेलो, ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

विमलाबाई अंगणात तूर वाळत घालत होत्या. सर आत निजले आहेत, म्हणाल्या. सुलोचनाने त्यांना पान दाखवलं. विमलाबाईंनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"ते पत्र म्याच लिवलं," त्या म्हणाल्या. "त्याईचा हात चालत नाई. त्याईनं सांगतलं अन् म्या लिवलं. तुमचं नाव आलं तवा मी थांबली होती. पर लिवलं."

सुलोचनाने घडी उलगडून पान पुन्हा पाहिलं.

"त्या साली जेवता जेवता उठून जात," विमलाबाई म्हणाल्या. "इचारलं तं म्हणत, काई नाई. सत्काराच्या दिवशी पण तसंच. मले तवा समजलं नाई. तुमी हे देऊन टाका, बाई. आमाले इचारू नका."

तेवढ्यात सर दारात आले. चौकट धरून उभे होते. त्यांनी हात पुढे केला. सुलोचनाने कागद दिला, तो त्यांच्या हातात इतका हलू लागला की वाचता येईना. तिनं कागदाची दुसरी कड धरली. मग त्यांनी वाचलं.

"सही माझीच हाये," ते म्हणाले. कॉलेजात ते कधी असं बोलत नसत. थोड्या वेळानं म्हणाले, "दाणा कुठी हाये?"

"तुमीच म्हटलं होतं काढून टाका. म्या टाकला."

"ठेवाले पाह्यजे होता," सर म्हणाले. "असा दाणा टाकत नाई."

एवढंच बोलले. माफी मागितली नाही, आणि पत्र दुरुस्त करतो असंही म्हणाले नाहीत. विमलाबाईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं.

सुलोचनाने सोमवारी खुलासा दिला, सोबत मूळ वही. प्राचार्यांनी पान पाहिलं, सरांची सही ओळखली आणि वही ठेवून घेतली. नोटीस मागे घेतल्याचं पत्र तिला कधीच मिळालं नाही. तिनं दोनदा विचारलं. वरिष्ठ लिपिक म्हणाले की प्रकरण दप्तरी दाखल झालं, आता काही अडचण नाही, कशाला उकरून काढता? वर्तमानपत्रानं पुन्हा काही छापलं नाही. डिसेंबरात विभागाची खोली ऑनलाइन परीक्षा केंद्राला दिली गेली. दगडांचे ट्रे मागच्या भिंतीशी रचले गेले. माधवीनं स्लाइडचे डबे नागपूरला नेले, ते तेवढे वाचले. सुलोचनाला परीक्षा अर्जांच्या खिडकीवर बसवलं.

माधवीचा लेख जानेवारीत आला. त्यात वहीच्या पानाचा फोटो होता. लेखकांत दुसरं नाव सुलोचना ताकसांडे असं होतं. माधवीनं आधी फोनवर विचारलं होतं, तेव्हा सुलोचना म्हणाली होती की टाका, खरं आहे ते टाका. छापील प्रत टपालानं आली. पिंपळडोहला समुद्र नव्हता, हे सिद्ध करणारा लेख. तिनं नाव एकदा वाचलं आणि प्रत टेबलाच्या खणात ठेवली. सरांनाही एक प्रत गेली असावी. आर्वीहून फोन आला नाही.

सरांचा शोध गेला, कॉलेजचं मिटलं, पण पिंपळडोहला कोणी काही कळवलं नव्हतं. सहलींचे दिवस सुरू झाले होते. एका रविवारी सुलोचना वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे जामला गेली, तिथून समुद्रपूरची बस धरली आणि पुढे तीन किलोमीटर चालत गेली. शेतात कापसाचा शेवटचा वेचा चालू होता. बंडूजी बांधावर होते. तिला पाहून त्यांनी हात जोडले, आधी जेवून घ्या म्हणाले. ती म्हणाली, आधी ऐकून घ्या.

नाल्याच्या काठावर दगडावर बसून तिनं सांगितलं. कच्छ, चाळण्या, पाणी घातलेलं औषध. बंडूजी वर्तमानपत्र वाचत नसत, पण बाजारात त्यांना कोणी तरी काही बोललं होतं. त्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. ऐकता ऐकता ते थरांकडे पाहत होते.

"म्हंजे अठी समुद्र नोहता."

"नोहता. तळं होतं. गोगलगायी होत्या, त्या खऱ्या हायेत."

"परवा हिंगणघाटची शाळा येऊन गेली," बंडूजी म्हणाले. "साठ पोरं होती. म्या त्याईले लाटा सांगतल्या."

तिनं मान खाली घातली. मग बंडूजींनी विचारलं, "हे तुमाले कवा समजलं, बाई?"

नोटिशीत हा प्रश्न नव्हता. माधवीनंही विचारला नव्हता. सरांनी तर नाहीच. कोणी विचारलंच तर काय सांगायचं, हे तिनं ठरवलेलं नव्हतं.

"दहा-अकरा वर्सं झाली," ती म्हणाली. "पुस्तकात वाचलं होतं म्या. तवाच समजलं."

"अन् मंग तुमी दर साली माह्या घरी जेवून गेल्या."

"हो."

बंडूजी उठले. रागावले असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. धोतराची माती झटकत म्हणाले की मोटर सुरू करायची आहे, लाइन तीन वाजता जाते. जेवणाचं पुन्हा काढलं नाही. नाल्याच्या वळणापर्यंत ते पाठमोरे दिसत होते, मग तुरीत दिसेनासे झाले.

सुलोचना जरा वेळ तिथेच बसली. मग उठून आल्या वाटेनं चालू लागली. समुद्रपूरच्या स्टँडवर पोहोचली तेव्हा चार वाजून गेले होते. जामकडची बस पाच वाजता होती. ती बाकावर पोटाशी पिशवी धरून बसून राहिली.